आत, वर, मागे : अर्भकाच्या अवकाशबोधाच्या अभ्यासाचा इतिहास

सहा-सात महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळा धरा, ते लगेच हात पुढे करील. आता त्याच्या डोळ्यांदेखत खुळखुळ्यावर रुमाल टाका. बहुतेक बाळे रुमाल उचलत नाहीत. जणू खुळखुळा संपलाच! ‘रुमालाखाली खुळखुळा आहे’ हा दोन वस्तूंमधला संबंध बाळाला कळलेलाच नसतो, की कळूनही त्याचा हात चालत नाही? या विषयाचा इतिहास म्हणजे बव्हंशी याच प्रश्नावरचा वाद आहे.

स्विस अभ्यासक जीन पियाजे यांचे उत्तर पहिल्या बाजूचे होते. 1937 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी स्वतःच्या तीन मुलांची निरीक्षणे मांडली. त्यांच्या मते अवकाशाची जाण जन्मतः मिळत नाही. धरणे, ओढणे, टाकणे, भरणे-उपसणे अशा कृतींतून मूल ती घडवते. त्यांना दिसलेली एक चूक प्रसिद्ध आहे. आठ ते बारा महिन्यांचे मूल एका कापडाखालची वस्तू काही वेळा शोधून काढते. मग तीच वस्तू त्याच्यासमोर दुसऱ्या कापडाखाली ठेवली, तरी ते पहिल्याच कापडाकडे वळते. तीनच मुले, आणि तीही घरची, हा आक्षेप तुम्ही घ्याल. तो रास्त आहे; पण ही चूक पुढे अनेक प्रयोगशाळांत पुन्हापुन्हा दिसली.

अडचण अशी की पियाजे यांची कसोटी हातावर अवलंबून होती. 1958 पासून रॉबर्ट फँट्झ यांनी बाळाची नजर मोजायला सुरुवात केली आणि वाट बदलली. तेच ते पाहून बाळ कंटाळते, नवे दिसले की जास्त वेळ पाहते. या साध्या गोष्टीतून पुढची सारी पद्धत उभी राहिली. 1985 मध्ये रेने बायार्जों, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅन्ली वासरमन यांनी पाच महिन्यांच्या बाळांना मागे कलणारा एक पडदा दाखवला. पडद्यामागे ठोकळा असूनही पडदा त्यातून आरपार गेल्यासारखा पूर्ण आडवा झाला, तेव्हा बाळे अधिक वेळ पाहत राहिली. म्हणजे झाकलेला ठोकळा त्यांच्या लेखी तिथेच होता.

मला मात्र याहून बोलका वाटतो तो 2001 मधला सुझन हेस्पॉस व बायार्जों यांचा प्रयोग. एक उंच वस्तू ठेंगण्या भांड्यामागे उतरवली आणि ती संपूर्ण दिसेनाशी झाली. हे अशक्य आहे, आणि साडेचार महिन्यांच्या बाळांनाही ते खटकले. तीच वस्तू भांड्याच्या आत उतरवून तशीच नाहीशी केली, तेव्हा मात्र त्यांना काहीच वावगे वाटले नाही. ते कळायला साडेसात महिने लागले. उंचीचे गणित दोन्हीकडे एकच, तरी ‘मागे’ समजते आणि ‘आत’ समजत नाही! प्रत्येक संबंधाचे नियम बाळ वेगवेगळे शिकत असावे, असे बायार्जों यांचे म्हणणे.

मग यात भाषेचा वाटा किती? 1991 मध्ये सूनजा चोई व मेलिसा बोवरमन यांनी दाखवले की कोरियन मुले इंग्रजीसारखा ‘आत’ आणि ‘वर’ हा भेद पाळत नाहीत. बोटात अंगठी आणि खोक्यात चपखल बसणारी कॅसेट, दोन्हींना ‘किदा’ हे एकच क्रियापद चालते. महत्त्व घट्ट बसण्याला. आपण मराठीत झाकण ‘बसवतो’ आणि सफरचंद टोपलीत नुसते ‘ठेवतो’, ते आठवून पाहा. हा भेद भाषा शिकवते की तो आधीच असतो? 2004 मध्ये हेस्पॉस व स्पेल्की यांनी इंग्रजीभाषक घरांतली पाच महिन्यांची बाळे तपासली. सैल आणि घट्ट यांतला फरक त्यांना जाणवत होता, पण त्याच प्रकारची दृश्ये पाहणाऱ्या इंग्रजीभाषक प्रौढांचे त्याकडे लक्ष गेले नाही.

नजरेच्या या पुराव्यावर सर्वांचा विश्वास नाही. 1998 मध्ये मार्शल हेथ यांनी हरकत घेतली, की जास्त वेळ पाहणे म्हणजे समजणे नव्हे. केवळ वेगळे दिसले म्हणूनही बाळ पाहत राहील. आणि पाच महिन्यांच्या बाळाला झाकलेला ठोकळा ठाऊक असेल, तर सातव्या महिन्यात ते रुमाल का उचलत नाही, याचे उत्तर दोन्ही पक्षांना द्यावे लागते. कोणी ते हाताच्या नियोजनात शोधतात, कोणी स्मरणाच्या दुबळेपणात.