जंत माशात, राग सीलवर

आजचा एपिसोड जेवताना ऐकत असाल तर जरा पॉज करा, ताट संपवा आणि मग या. कारण आज विषय आहे माशातले जंत. आणि या जंतांपायी माणसांनी मारलेले सील.

सुरुवात नेदरलँड्सपासून करू. तिथे हेरिंग नावाचा मासा हलकं मीठ लावून जवळपास कच्चाच खातात. शेपटीला धरायचा, मान वर करायची आणि थेट तोंडात! ही शेकडो वर्षांची सवय. पण 1955 पासून तिथे असे पेशंट यायला लागले, ज्यांच्या पोटात अचानक भयंकर कळा यायच्या. डॉक्टरांना वाटायचं ॲपेंडिक्स असेल. पोट उघडलं की आतड्याची भिंत सुजलेली, आणि त्या सुजेत रुतून बसलेली जंताची अळी. व्हान थील या संशोधकाने 1960 मध्ये हे जगासमोर मांडलं. त्या जंताचं नाव ॲनिसाकिस.

आता प्रश्न असा, की शेकडो वर्षं हेरिंग खाल्ला तरी हे आधी का दिसलं नाही? याचं मुख्य कारण जे सांगतात ते मला फार इंटरेस्टिंग वाटतं. पूर्वी मासा पकडल्या पकडल्या बोटीवरच त्याची आतडी काढून भरपूर मीठ मारायचे. नंतर बर्फ आला. मासा न साफ करता, बर्फात ठेवून बंदरावर आणायला लागले. मासा मेला की आतड्यातल्या अळ्या मांसात शिरतात. त्यात मीठही कमी झालं. म्हणजे जंत जुनाच, बदललो आपण! 1968 मध्ये तिथे कायदा झाला : हेरिंग उणे 20 अंशांवर किमान 24 तास गोठवायचा. पेशंट झपाट्याने कमी झाले. विषय संपला.

कॅनडात मात्र विषय संपला नाही. तिथला जंत याचाच चुलतभाऊ, पण जाडजूड, तपकिरी, कॉड माशाच्या मांसात सहज दिसणारा. त्याचं चक्र असं : जंत मोठा होतो सीलच्या पोटात. अंडी सीलच्या विष्ठेतून समुद्रात पडतात. अळी कोळंबीच्या जातकुळीतल्या बारक्या जीवांत जाते, त्यांना मासे खातात, आणि माशांना सील. चक्र पूर्ण. शिजवलेल्या माशातून माणसाला काही होत नाही, पण फिलेमध्ये वळवळणारा जंत बघून गिऱ्हाईक परत येईल का? म्हणून कारखान्यात खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर एकेक फिले ठेवायचा आणि सुरीने जंत काढायचे. दिवसभर. हे काम बहुतेक हातानेच. खर्च प्रचंड.

मग खर्चाचं खापर फुटलं ग्रे सीलवर. 1967 पासून सरकारने त्यांची संख्या कमी करण्यासाठी शिकार सुरू केली, 1976 पासून मच्छीमारांना मारलेल्या सीलमागे बक्षीस दिलं. 1983 पर्यंत हे दोन्ही चाललं. सीलच्या प्रश्नावर नेमलेल्या शाही आयोगाने 1986 च्या अहवालात जंतांच्या या खर्चाचाही हिशेब मांडला.

मच्छीमारांची बाजू खोटी नव्हती हं. सील वाढत होतेच. नोव्हा स्कोशियाजवळच्या सेबल बेटावर 1960 च्या दशकात वर्षाला काहीशे पिल्लं जन्मायची, 2016 मध्ये 80 हजारांच्या वर. पण जंत सीलच्या हिशेबाने वाढतातच असं नाही. पाणी किती थंड आहे, त्यावरही अंडी कधी फुटणार हे ठरतं.

आणि मधल्या काळात कॉडच संपत आला! 2 जुलै 1992 ला मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद केली. सुमारे 30 हजार लोकांचं काम गेलं. तो कॉड मुख्यतः मोठ्या ट्रॉलरांनी उपसला होता, पण बोट पुन्हा सीलकडेच वळलं. 2012 मध्ये कॅनडाच्या सिनेटच्या समितीने सेंट लॉरेन्सच्या आखाताच्या दक्षिण भागातले 70 हजार ग्रे सील मारायची शिफारस केली. या वेळी मुख्य आरोप होता सील कॉड खातात हा. जंतांचा मुद्दा यादीत होताच.

आपल्याकडे मासा तळून नाहीतर कालवणात उकळून खातात, त्यामुळे या अळीला फारसा चान्स नाही. सुशी खाणाऱ्यांनी मात्र एकदा विचारा : मासा आधी नीट गोठवला होता ना? लिंबू, व्हिनेगर किंवा वसाबीने ही अळी मरत नाही.