प्रशासकाच्या काळात काय अडले?

‘नगरसेवक नव्हते, तरी काय अडले?’ डोंबिवलीच्या फलाटावर आणि सोसायट्यांच्या बैठकांत गेली काही वर्षे हे वाक्य ऐकू येते. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली, ठाण्याची मार्च 2022 मध्ये. मतदान झाले ते 15 जानेवारी 2026 रोजी. तोवर कारभार राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाने पाहिला. कंत्राटांतली टक्केवारी थांबली, सनदी अधिकारी राजकारण्यांपेक्षा बरे, असे या मताचे म्हणणे.

त्यामागचा संताप खोटा नाही. कंत्राटांत 41 टक्के वाटले जातात, या आरोपानंतर ठाण्यात चौकशीसाठी नंदलाल समिती नेमावी लागली होती. पण निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याचा पुरावा कल्याणच्याच इतिहासात आहे.

कल्याणची महापालिका 1983 मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली निवडणूक झाली 1995 मध्ये. म्हणजे जवळजवळ बारा वर्षे इथे नगरसेवकच नव्हते. प्रशासकामुळे शहराला शिस्त लागत असती, तर त्या बारा वर्षांत डोंबिवलीचा आराखडा सांभाळला गेला असता. प्रत्यक्षात चौकशीसाठी नेमलेल्या अग्यार समितीपुढे 67,920 बेकायदा बांधकामांचा प्रश्न आला, तो एकट्या नगरसेवकांनी उभा केलेला नव्हता. अलीकडचे उदाहरण डोंबिवलीतल्या 65 इमारतींचे. बनावट परवानग्या दाखवून त्यांची महारेरा या गृहनिर्माण नियामकाकडे नोंदणी झाली. हे प्रकरण न्यायालयात पोहोचले ते एका वास्तुविशारदाच्या याचिकेमुळे.

मूळ मुद्दा कायद्याचा आहे. 1949 च्या महापालिका अधिनियमाने अधिकार तिघांत वाटले: महासभा, स्थायी समिती, आयुक्त. अंदाजपत्रक आयुक्ताने मांडायचे, स्थायी समितीने तपासायचे, महासभेने मंजूर करायचे. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. प्रस्तावाचा गोषवारा वाचून ‘हा दर कसा ठरला?’ असे विचारणारे सभागृहात कोणीच नाही. भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येते; प्रशासकाची बदली मात्र मंत्रालयातून होते. मतदाराच्या हाती काहीच नाही.

राज्यघटनेच्या 243-यू अनुच्छेदानुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद खरा होता, प्रभागरचनेचाही होता. तरी कल्याण-डोंबिवलीत साडेचार वर्षे लोटली, आणि अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. या विलंबाला सोय म्हणणे मला मान्य नाही. तो मतदारांवरचा अन्याय होता.

आता नगरसेवक आले आहेत. ते आपोआप चांगले वागतील, असा माझा दावा नाही. मतदानाआधीच अनेक जण बिनविरोध निवडून आले, ही चिंतेचीच बाब आहे. म्हणून वाचकांना विनंती एवढीच: राज्याच्या कायद्यात 2009 पासून मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद आहे. आपल्या प्रभागातल्या सर्व नगरसेवकांना पत्र लिहा आणि पहिल्या क्षेत्रसभेची तारीख मागा.