दुकानातली मिमी आणि कोंढ्याच्या आंब्यावरची रास्ना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी उतारा. बोलताना राहून गेलेली एक-दोन सालं यात भरली आहेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात नागपुरातल्या एका नर्सरीपासून करतो. दारातच ऑर्किडची मांडणी होती. एका बाजूला फॅलेनॉप्सिसच्या कुंड्या, पांढऱ्या नि गुलाबी, साच्यातून काढल्यासारख्या. दुसऱ्या बाजूला तारेला लटकवलेले वांडा. त्यांना माती लागत नाही, मुळं तशीच हवेत लोंबत असतात. सगळ्यांवर एकच छापील चिठ्ठी, ‘वांडा, मिक्स कलर’. भाव सगळ्यांचा सारखाच. त्यातल्या एका बिनफुलाच्या झाडाच्या मुळांत प्लॅस्टिकची एक जुनी पट्टी अडकलेली दिसली. पेन्सिलीनं लिहिलेलं, पुसट झालेलं नाव होतं, ‘मिमी पामर’. मी तेच झाड उचललं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला तुरा आला. फुलं मध्यम आकाराची, तपकिरी-जांभळी, पाकळ्यांवर चौकटी-चौकटींची नक्षी, आणि वास चॉकलेट-व्हॅनिलाच्या जवळ जाणारा. मी फोटो मामीला पाठवला. मामी राहते कोंढ्याला, भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. तिचा लगेच फोन. “अरे बाबू, हे त आपल्या आंब्यावर रायते ना! रंग थोडा गडद हाये, पण फूल तेच होय. मागच्या वर्षी मामानं बांडगूळ म्हणून अर्धं काढून फेकलं.”

मी हसलो. म्हटलं, मामी, हे थायलंड-सिंगापूरकडचं झाड आहे, आपल्या आंब्यावर कुठून येणार? मग त्या पट्टीवरचं नाव शोधायला बसलो, आणि मामी माझ्यापेक्षा खूपच जास्त बरोबर निघाली. ती का बरोबर होती, तोच आजच्या भागाचा विषय.

आंब्यावरचं ते झाड म्हणजे रास्ना. शास्त्रीय नाव वांडा टेसेलाटा. विदर्भात आंबा, मोह अशा जुन्या झाडांवर ही सापडते. पट्ट्यासारखी लांब, पन्हाळीसारखी दुमडलेली पानं, एकाआड एक दोन ओळींत. दोरीएवढी जाड, राखाडी-पांढरी मुळं. हिरवट-पिवळ्या पाकळ्या, त्यांवर तपकिरी चौकटी, आणि मधली ओठासारखी पाकळी निळसर-जांभळी. ‘टेसेलाटा’चा अर्थच चौकटीचौकटींचं, फरशीच्या नक्षीसारखं.

आता इतिहास. १७८४ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स तुम्हाला माहीत असतील. न्यायाधीश, संस्कृतचे अभ्यासक, आणि वनस्पतींचेही शौकीन. या ऑर्किडचं वर्णन करताना त्यांनी लॅटिन नाव घडवलं नाही, इथलंच नाव ठेवलं, ‘वंदा’. त्यांचं ते टिपण त्यांच्या मृत्यूनंतर, १७९५ मध्ये छापलं गेलं. त्याच वर्षी विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात हीच वनस्पती चित्रासह दिली. मग १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी जोन्स यांचा शब्द उचलून ‘वांडा’ ही प्रजातीच मांडली. म्हणजे जगातल्या ज्या ज्या दुकानात आज ‘वांडा’ लिहिलेली चिठ्ठी लटकते, ते नाव मुळात या रास्नेवरून आलं.

आणि गंमत बघा. संस्कृतात वंदा म्हणजे दुसऱ्या झाडावर वाढणारी वनस्पती, आपल्या भाषेत बांडगूळ! मामानं जे नाव घेऊन ती काढून फेकली, जवळपास तेच नाव धारण करून ती जगभर विकली जाते.

मग दुकानातली मिमी कोण? ‘टॅन चाय यान’ नावाचा एक प्रसिद्ध संकर आहे, आग्नेय आशियातला. त्याचा आणि आपल्या वांडा टेसेलाटाचा पुढे संकर केला गेला, त्याचं नाव मिमी पामर. पाकळ्यांवरच्या चौकटी थेट रास्नेच्या. सुवासासाठीही मिमीचं नाव आहे, आणि रास्ना स्वतः सुगंधी. मामीनं फोटोतली नात पाहून आजी ओळखली, असं म्हणा हवं तर. खरं तर नात्यानं मिमी रास्नेची लेकच लागते.

पण हे कळलं कशामुळे? त्या पेन्सिलीच्या पट्टीमुळे. शेजारच्या तारेवर लटकलेल्या बाकीच्या झाडांचं कुळ कोणी सांगू शकणार नाही. तीही कदाचित अशीच कुठल्या तरी गावच्या आंब्याची लेकरं असतील. चिठ्ठी ‘मिक्स’ झाली की वंश संपला. नावाला इतकं महत्त्व कसं आलं, हे समजायला थोडं मागे, इंग्लंडात जावं लागेल.

१८१८ मध्ये विल्यम स्वेन्सन यांनी ब्राझीलमधून काही झाडं इंग्लंडला पाठवली. विल्यम कॅटली यांच्याकडे त्यातल्या एकाला मोठं जांभळं फूल आलं. १८२१ मध्ये जॉन लिंडली यांनी त्याला नाव दिलं, कॅटलिया लॅबिएटा. ही झाडं म्हणे दुसऱ्या मालाभोवती भरताड म्हणून गुंडाळली होती, आणि कचऱ्यातून रत्न निघालं! ही कथा फार लोकप्रिय आहे. ती बहुधा खरी नाही. आपण काय पाठवतोय हे स्वेन्सन यांना ठाऊक होतं. पण कथा टिकली, कारण सामान्य ढिगात असामान्य सापडावं ही माणसाची जुनी इच्छा आहे. मी नर्सरीत ते झाड उचललं, तेव्हा माझ्याही मनात दुसरं काय होतं?

पुढे तर या इच्छेचा बाजारच उभा राहिला. लंडनच्या लिलावघरांत जहाजांतून आलेली ऑर्किडं गठ्ठ्यानं विकली जात. न फुललेली, सुकलेली, सगळी सारखी दिसणारी. घेणारा नशीब आजमावायचा. हजारो साध्या झाडांत एखादं आगळ्या ठिपक्यांचं निघालं, तर त्या एकट्याला शेकडो गिनी मिळत. आजच्या भाषेत लॉटरीच.

तिकिटाची खरी किंमत जंगलानं मोजली. अल्बर्ट मिलिकन नावाच्या ऑर्किड-शिकाऱ्यानं १८९१ च्या आपल्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवलंय, की कोलंबियात सुमारे दहा हजार ऑर्किडं मिळवायला जवळपास चार हजार झाडं तोडली. आपल्याकडेही तेच. १८५० मध्ये जोसेफ हूकर यांनी खासी टेकड्यांतून निळ्या वांडाची सात माणसांची ओझी गोळा करून क्यू उद्यानाकडे पाठवली. त्यातली फारच थोडी जिवंत पोचली. दुसऱ्या एकानं एका माणसाचं ओझं पाठवलं, ते मरगळलेल्या अवस्थेत पोचूनही ३०० पौंडांना गेलं. एवढा भाव कळल्यावर त्या टेकड्यांचं काय झालं असेल, वेगळं सांगायला नको. पुढे आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ज्या मोजक्या वनस्पतींना जागा मिळाली, त्यांत हा निळा वांडा आहे.

याच काळात दुसरी एक वाट निघाली. १८५६ मध्ये व्हीच यांच्या नर्सरीतले माळी जॉन डॉमिनी यांनी माणसानं घडवलेला पहिला ऑर्किड-संकर फुलवला. मग संकर वाढत गेले, आणि कोणाचे आईबाप कोण याची नोंद लागायला लागली. फ्रेडरिक सँडर या बड्या नर्सरीवाल्यानं संकरांची यादी छापायला घेतली. १९६१ पासून ही नोंदवही लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी सांभाळते. आपल्याकडे भाटांच्या वह्यांत घराण्यांची वंशावळ असायची ना, तसंच. आधी आईचं नाव, मग बापाचं. म्हणून तर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी नागपुरातल्या माणसाला एका पट्टीवरून कोंढ्यापर्यंत येता आलं.

तरीही ऑर्किड महागच होतं. कारण त्याचं बी. धुळीसारखं बारीक, एकेका बोंडात लाखांच्या घरात, पण बियांत अन्नाचा साठाच नाही. निसर्गात एका विशिष्ट बुरशीनं भरवलं तरच ते रुजतं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या आगर जेलीवर बी रुजवून दाखवलं. १९६० मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी शेंड्याच्या कणभर पेशींपासून एकाच झाडाच्या अनेक प्रती काढण्याची रीत सांगितली. इथून ऑर्किड कारखान्यात गेलं. तैवान, नेदरलंड्स, थायलंडमधून लाखोंनी एकसारखी रोपं निघू लागली. राजेरजवाड्यांचं फूल वाढदिवसाच्या भेटीचं झालं. यात वाईट काही नाही. बाटलीत वाढलेल्या प्रत्येक रोपामागे जंगलातलं एक झाड वाचू शकतं.

आणि एवढ्या एकसारख्या ढिगातही निसर्ग आपला हात दाखवतोच. प्रती काढताना पेशींत कधीकधी चूक होते. एखाद्याच्या पाकळ्या ओठासारख्या होतात, एखाद्याचं पान पट्टेरी निघतं. तैवानमध्ये ‘गोल्डन पीओकर’ या फॅलेनॉप्सिसच्या प्रती काढताना काही रोपांच्या बारीक ठिपक्यांचे मोठमोठे डाग झाले. कोणी तरी ती बाद माल म्हणून फेकली नाहीत, वेगळी ठेवली. आज दुकानात मोठ्या गडद डागांचे जे ‘हार्लेक्विन’ फॅलेनॉप्सिस दिसतात, ते बहुतेक याच चुकीचे वंशज. तेव्हा पुढच्या वेळी नर्सरीत गेलात तर ओळीत बिघडलेलं झाड जरा नीट बघा.

पण प्रत्येक शोधाचा शेवट इतका गोड नसतो. २००२ मध्ये पेरू देशात रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडे मायकल कोवाच या अमेरिकन माणसाला तळहाताएवढ्या मोठ्या, गडद गुलाबी-जांभळ्या फुलाचं ऑर्किड मिळालं. विज्ञानाला ते संपूर्ण नवीन होतं. परवान्याविना ते अमेरिकेत नेल्याबद्दल खटले झाले, शिक्षा झाल्या. नाव मात्र त्याचंच लागलं, फ्रॅग्मिपेडियम कोवाची. आणि बातमी पसरताच ते जिथे उगवायचं त्या जागा लुटल्या गेल्या. सापडणं एका क्षणाचं असतं, नंतर काय करायचं हा प्रश्न मोठा.

म्हणून परत कोंढ्याला येऊ. मामा चुकला का? पूर्ण नाही. खरं बांडगूळ आंब्याचं नुकसान करतंच. पक्षी त्याचं चिकट बी फांदीवर टाकतात, ते फांदीत घुसून तिचं पाणी नि अन्न ओढतं. ते काढायलाच हवं. ओळखायचं कसं? बांडगूळ फांदीला गाठ करून चिकटतं, त्याला स्वतःच्या लाकडी फांद्या नि साधी पानं असतात, फुलं नळीसारखी. रास्नेची मुळं सालीवर फक्त टेकतात. हवेतलं नि पावसाचं पाणी पितात, झाडाचा एक थेंबही घेत नाहीत. ती भाडेकरू आहे, तीही घराला ओरखडा न काढणारी.

तिच्यामागे आणखी एक त्रास आहे, तो औषधाचा. ‘रास्ना’ म्हणून आयुर्वेदात एकच वनस्पती वापरत नाहीत. काही भागांत प्लुचिया नावाचं झुडूप, दक्षिणेत कुलिंजन, तर काही ठिकाणी हीच ऑर्किड. एका नावाखाली तीन वनस्पती! म्हणजे दुकानात नाव हरवल्यानं एकीचा वंश हरवला, तर इथे नाव वाटलं गेल्यानं दुसरीची मुळं उपटली जातात.

या सगळ्यातून मला कळलं ते एवढंच. बाजार मिमीच्या लाखो प्रती काढू शकतो, पण रास्नेचे नवे गुण त्या प्रतींत नाहीत. ते आहेत बांधावरच्या, अंगणातल्या जुन्या झाडांवर. शंभर वर्षांचा आंबा रस्त्यासाठी पडतो तेव्हा आपण लाकूड मोजतो. सालीवरची बुरशी, तिच्या जिवावर रुजलेली रास्ना, यांचा हिशेब कोणी करत नाही. नवा आंबा लावला तरी त्याची साल तशी व्हायला एक पिढी जाते.

तुम्हाला करता येण्यासारख्या दोन गोष्टी सांगतो. दुकानात ऑर्किड घेताना नाव विचारा, मुळांत पट्टी आहे का बघा, आणि असली तर ती कधीही फेकू नका. आणि गावी झाडावर रास्ना दिसली तर ती तिथेच राहू द्या. वादळात फांदीच पडली, तर शेतातल्याच दुसऱ्या झाडावर, कोवळी सावली बघून, काथ्याच्या दोरीनं बांधा. महिन्या-दोन महिन्यांत नवी मुळं साल धरू लागतील.

मामाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “अर्धी अजून आहे ना वर. राहू दे मग.” मामी मागून ओरडली, “मी त आधीच म्हणत होतो!” आमच्याकडे बायाही ‘म्हणत होतो’च म्हणतात, ते एडिट करायला जाऊ नका.

तुमच्या गावात या झाडाला काय म्हणतात, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!