बाळाचा रिकामा पाळणा आणि वेळेवर न झालेला लिटरेचर रिव्ह्यू

मागच्या महिन्यात मावसबहिणीने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. तिला सातवा महिना चालू आहे, बाळाची खोली तयार करायला घेतली आहे. फोटोत लाकडी कॉट, कॉटच्या चारी बाजूंनी बांधलेली मऊ पट्टी (दुकानात तिला बंपर म्हणतात), जाड दुलई, मोहरीची उशी आणि कोपऱ्यात दोन टेडी. खाली प्रश्न: "तू संशोधन करतेस ना, सांग बरं, अजून काय राहिलं?" मी लिहिलं, "ताई, गादी आणि घट्ट बसणारी चादर ठेव, बाकी सगळं काढ. आणि बाळाला झोपवताना उताणंच झोपव." तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. पहिल्या वर्षात बाळासाठी सगळ्यात सुरक्षित पाळणा म्हणजे जवळजवळ रिकामा पाळणा, हे आज कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगेल. पण पाश्चात्त्य देशांत हे कळायला 1990चं दशक उजाडावं लागलं. त्याआधीची पन्नासेक वर्षं तिथली पुस्तकं आणि डॉक्टर आईबापांना बरोबर उलटं सांगत होते. तुमच्यापैकी जे सध्या सिनॉप्सिस लिहितायत आणि लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे गाइड खूश राहावेत म्हणून भरायची पंधरा पानं असं समजतात (मीही समजत होते), त्यांनी ही गोष्ट नीट वाचा.

आधी प्रश्न काय होता ते बघू. रात्री धडधाकट झोपवलेलं बाळ सकाळी मृत सापडतं. शवविच्छेदन होतं, सगळी चौकशी होते, कारण काही सापडत नाही. इंग्लंडमध्ये याला कॉट डेथ म्हणत. 1969 साली सिएटलच्या परिषदेत याची व्याख्या ठरली आणि 'सडन इन्फंट डेथ सिंड्रोम', म्हणजे सिड्स, हे नाव रुळलं. लक्षात घ्या, हे निदान 'काही सापडलं नाही' यावरून होतं. अशा विषयात काम करणाऱ्याला धरायला हाताशी काही नसतं. त्यामुळे जो तो आपापली थिअरी मांडतो.

आता त्या काळच्या बाळाच्या खोलीत डोकावू. बाळ पालथं झोपवलेलं, खाली मऊ गादी, वर दुलई, थंडी असेल तर रात्रभर हीटर. पालथं का? कारण तर्क सरळ होता: बाळ दूध ओकतं, उताणं असेल तर ते श्वासनलिकेत जाईल. दुसरं कारण डोक्याच्या आकाराचं: सतत पाठीवर झोपलं तर डोकं मागून चपटं होईल. बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनाच्या पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. त्यांनी 1950च्या दशकातल्या आवृत्तीपासून हेच सांगितलं. तिसरं कारण दवाखान्यातून आलं. अपुऱ्या दिवसांच्या, श्वासाचा त्रास असलेल्या बाळांना पालथं ठेवलं की ऑक्सिजनची पातळी सुधारते. हे खरं आहे, आजही अतिदक्षता विभागात करतात, पण तिथे मॉनिटर लावलेला असतो आणि नर्स शेजारी असते. तेच निरीक्षण उचलून घरच्या पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला लावलं गेलं. आपल्या भाषेत याला एक्स्ट्रापोलेशन म्हणतात. माझ्या मते संशोधनात जितकी फसगत खोट्या डेटाने होते, त्याहून जास्त याने होते.

आणि ओकण्याचा तर्क? तो शरीररचनेतच मार खातो. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध गुरुत्वाकर्षणाने अन्ननलिकेकडेच राहतं. पालथं केलं की क्रम उलटा होतो. पुढे लाखो बाळं उताणी झोपवायला लागल्यावर ठसका लागून होणारे मृत्यू वाढले नाहीत. पण तर्क इतका पटणारा होता की तो तपासावा असं कुणाला वाटलंच नाही.

अगदीच कुणाला नाही असं नाही. 1944 साली न्यूयॉर्कमध्ये हॅरोल्ड अब्रामसन यांनी झोपेत गुदमरून गेलेल्या बाळांच्या नोंदी तपासल्या. त्यातली बहुसंख्य बाळं पालथी सापडली होती. मग विषय तिथेच का मिटला नाही? इथे क्षणभर थांबा आणि स्वतः विचार करा, कारण हा प्रश्न मुलाखतीत येऊ शकतो. अडचण ही की अब्रामसन यांच्याकडे तुलनेसाठी जिवंत बाळांचा गट नव्हता. गेलेली बहुतेक बाळं पालथी होती, पण शहरातली बहुतेक बाळं तशीच झोपत असतील तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. तेव्हा कंट्रोल गट हवा.

समजा, 100 बाळं दगावली, त्यातली 60 पालथी होती. त्याच भागातली, त्याच वयाची 100 जिवंत बाळं पाहिली, त्यातली 33 पालथी झोपत होती. पहिल्या गटाचं प्रमाण 60 भागिले 40, म्हणजे 1.5. दुसऱ्याचं 33 भागिले 67, म्हणजे साधारण 0.5. एकाला दुसऱ्याने भागलं की ऑड्स रेशो सुमारे 3. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण उत्तर मुद्दाम 3 येईल असे घेतलेत. का ते पुढे येईल.

कंट्रोल गट घेऊन केलेले अभ्यास 1960च्या दशकात यायला लागले. इंग्लंडमध्ये कार्पेंटर आणि शॅडिक यांचा 1965चा अभ्यास हा त्यातला एक. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता: संसर्ग, गुदमरणं, बाटलीचं दूध. बाळ कसं झोपलं होतं हे अनेक रकान्यांपैकी एक रकाना होता. पुढचे अभ्यासही बरेचसे असेच. उत्तर कागदावर होतं, पण ते कुणी विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं, म्हणून तक्त्यातच पडून राहिलं.

मधल्या काळात जग स्वतःहून प्रयोग करत होतं म्हणा ना. नेदरलँड्समध्ये 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बाळांना पालथं झोपवायचा सल्ला पसरला आणि पुढच्या वर्षांत कॉट डेथ वाढल्या. तिकडे हाँगकाँगमध्ये घरं लहान, माणसं दाटीवाटीने राहणारी, बाळ एकटं वेगळ्या खोलीत ठेवणं परवडतच नाही, आणि चिनी रिवाजाने बाळ उताणं झोपवायचं. डेव्हिस या बालरोगतज्ज्ञांनी 1985 साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की इथे हा प्रकार फारच दुर्मिळ दिसतो. सुंदर, सजवलेली, बाळासाठी वेगळी काढलेली खोली एका बाजूला आणि आईशेजारची दाटीची जागा दुसऱ्या बाजूला. हाँगकाँगचं वर्णन वाचताना मला आपली घरं आठवली. अर्थात देशादेशांच्या अशा तुलनेत बाकीच्याही शंभर गोष्टी बदलतात, त्यामुळे यावरून निष्कर्ष काढता येत नाही. शंका मात्र घेता येते. ॲडलेडमध्ये सुझन बील या डॉक्टर ज्यांची बाळं गेली अशा शेकडो कुटुंबांना घरी जाऊन भेटल्या, पाळणा, गादी, पांघरूण स्वतः पाहत राहिल्या. त्याही 1980च्या दशकात पालथ्या झोपेकडे बोट दाखवायला लागल्या होत्या.

कोंडी फुटली ती 1990च्या आसपास. पीटर फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या एव्हन भागात अभ्यास केला. त्याची रचना बघण्यासारखी आहे. दगावलेल्या प्रत्येक बाळामागे त्याच भागातली, त्याच वयाची दोन बाळं घेतली. नुसतं कसं झोपवलं एवढंच विचारलं नाही. अंगावर कपडे-पांघरुणं किती होती, रात्रभर हीटर चालू होता का, हेही नोंदवलं. पांघरुणाची ऊब त्यांनी 'टॉग' या एककात मोजली, जे ब्रिटनमध्ये दुलईच्या लेबलवर छापलेलं असतं. पालथ्या झोपेचा धोका 8.8 पट निघाला. जास्त पांघरूण आणि रात्रभरचा हीटर, दोन्हींनी धोका वाढत होता. म्हणजे 'आरामदायी' खोलीची यादीच उलटी झाली. त्याच सुमारास न्यूझीलंडच्या मोठ्या अभ्यासातही पालथी झोप आणि घरातलं धूम्रपान हे धोके ठळकपणे पुढे आले.

तिथे मोहीम सुरू झाली. ब्रिटनमध्ये ॲन डायमंड या टीव्ही निवेदिकेचं बाळ 1991 साली असंच गेलं. न्यूझीलंडमधलं काम पाहून ती सरकारच्या मागे लागली आणि त्याच वर्षाच्या शेवटी 'बॅक टू स्लीप' मोहीम देशभर गेली. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 साली सल्ला बदलला, 1994 साली मोहीम आली. पुढच्या काही वर्षांत या देशांत सिड्सचे मृत्यू निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली आले. औषध नाही, यंत्र नाही. बाळ फक्त उताणं केलं.

मी ज्या पेपरसाठी हे सगळं लिहितेय तो 2005चा आहे. रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी दोन रांगा शेजारी मांडल्या. एका रांगेत 1940 पासूनची पुस्तकं: कोणत्या साली काय सल्ला दिला. दुसऱ्या रांगेत अभ्यास: कोणत्या सालापर्यंत काय पुरावा जमला होता. प्रत्येक नवा अभ्यास आला की आधीच्यांत मिसळायचा आणि एकत्रित आकडा पुन्हा काढायचा. पालथं झोपवा असं सांगणारी पुस्तकं 1943 ते 1988 पर्यंत सापडली. आणि पुरावा? पालथं विरुद्ध उताणं, यांचा एकत्रित ऑड्स रेशो 1970 सालीच 2.93 होता. म्हणूनच वर 3 आणला. त्यांचा अंदाज असा की हा आढावा तेव्हाच घेतला गेला असता, तर ब्रिटनमध्ये 10,000 आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान 50,000 बाळं वाचू शकली असती.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी लॅपटॉप मिटवून चहा प्यायला गेले होते. पण आपण शास्त्राचे विद्यार्थी आहोत, तर जरा टोकरून बघू. त्या 2.93 चा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 1.15 ते 7.47 आहे. रुंद आहे, खालचं टोक 1 च्या जेमतेम वर. 'मेटा-ॲनालिसिस' हा शब्दच जीन ग्लास यांनी 1976 साली आणला, त्यामुळे 1970च्या माणसाला 'तू हे का केलं नाहीस' असं विचारणं मला जरा कठोर वाटतं. मागे वळून पाहिलं की वाट सरळ दिसते. पण 1986 सालापर्यंत पाच अभ्यास मिळून (इथे तुलना पालथं विरुद्ध बाकी कसंही झोपलेलं, अशी आहे) आकडा 3.00 आणि इंटरव्हल 1.69 ते 5.31 झाला होता. तोपर्यंत हत्यारंही आली होती. त्यानंतरही पालथं झोपवा असं छापणाऱ्यांना माझ्याकडे सवलत नाही. शिवाय मूळ प्रश्न पुराव्याच्या रुंदीचा नाहीच. पालथं झोपवण्याच्या बाजूने तर एवढाही पुरावा नव्हता. सल्ला बदलणाऱ्याकडे पुरावा मागितला जातो, पण मूळ सल्ला देणाऱ्याकडे कुणी मागितला होता?

एक बाजू सांगायची राहिली. डोकं चपटं होण्याची भीती अगदीच खोटी नव्हती. उताणं झोपवायला लागल्यावर मागून चपट्या डोक्याची बाळं डॉक्टरांकडे जास्त यायला लागली. उपाय साधा निघाला: बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसून, थोडा थोडा वेळ पालथं ठेवायचं. पालथं, पण जागेपणी. आपल्याकडे मोहरीची उशी नेमकी डोकं गोल राहावं म्हणूनच देतात, पण झोपेच्या जागी उशी नको हे आजच्या सल्ल्यात स्पष्ट आहे. बंपरचंही तसंच. बाळाचं डोकं कठड्याला आपटू नये म्हणून तो आला आणि तोंडाशी मऊ कापड राहण्याचा धोका घेऊन आला. अमेरिकेने 2022 साली कायदा करून गादीचे बंपर विकायलाच बंदी घातली.

ताईला मी यातलं निम्मंच सांगितलं. सातव्या महिन्यात कुणाला 50,000चा आकडा सांगू नये एवढं मला कळतं. तिने बंपर सोडून ठेवला, टेडी वरच्या फळीवर गेले, दुलई कपाटात. कॉट आता त्यांच्याच खोलीत, पलंगाशेजारी लावली आहे. मोहरीची उशी मात्र मावशीने स्वतः शिवली आहे, त्यामुळे त्यावर अजून वाटाघाटी चालू आहेत. मावशीचं म्हणणं, "तुम्ही सगळे याच उशीवर वाढलात, काय झालं तुम्हाला?" मी तिला कंट्रोल गट समजावून सांगायचा प्रयत्न केला. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.