कोरडा कुणाच्या हातात, कुणाच्या पाठीवर?

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात असूड दोन रूपांत आला आहे. एक जोतीराव फुल्यांचा. १८८३ साली शेतकऱ्याच्या दैन्याची मीमांसा करणारा ग्रंथ लिहून त्यांनी त्याला ‘शेतकऱ्याचा असूड’ हे नाव दिले. तो असूड शोषकांवर उगारलेला आहे. दुसरा पोतराजाचा कोरडा. तो त्याच्या स्वतःच्याच पाठीवर पडतो. पहिल्यावर आपण पुष्कळ लिहिले. दुसऱ्याकडे कुणी भक्तीने पाहिले, कुणी लाजेने. त्यामागच्या कसबाचा आणि श्रमाचा इतिहास मात्र लिहायचा राहिला.

नृसिंहवाडी हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे दत्तक्षेत्र. तिथल्या पादुकांचा, पालखीचा महिमा छापील पोथ्यांतून मिळतो. देवळाच्या वाटेवर चार पैशांसाठी अंगावर कोरडे ओढणाऱ्याची नोंद कुठल्याच पोथीत नाही. मी ह्याच परिसरात वाढलो. माझे आजोबा घायपाताचा वाख काढून दोर वळीत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आज महाविद्यालयात इतिहास शिकवतो. म्हणून ही नोंद करणे मला माझे काम वाटते.

पोतराज हा मरीआईचा उपासक. बहुतांशी मातंग, काही भागांत महार. केस वाढवलेले, कमरेला चिंध्यांचा घागरा, पायांत घुंगरू, उघड्या अंगावर हळद-कुंकू, हातात कोरडा. सोबत बायको; तिच्या डोक्यावर देवीचा देव्हारा. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे पोचवण्याचे काम ह्याच लोकांच्या माथी. गावाचे मरण गावाबाहेर नेणारा माणूसही गावाबाहेरचाच! तेलंगणातल्या बोनालू उत्सवात ‘पोतुराजू’ असाच कोरडा फिरवतो, आणि त्याला तेलुगूतही ‘कोरडा’च म्हणतात. म्हणजे ही प्रथा एका गावाची किंवा एका भाषेची नाही. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये थोरला मुलगा पोतराज म्हणून देवीला वाहण्याची चाल नोंदवली आहे. मुलाला कुणी विचारत नव्हते.

आता कसबाकडे वळू. ‘देवी अंगात येते म्हणून कोरडा वाजतो’ असे लोक समजतात. आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या पोतराजाला मी हे विचारले, तेव्हा तो हसला. म्हणाला, “मास्तर, देवी येती कवा कवा. हात रोज लागतो.” त्याला लहानपणी नदीच्या वाळूत उभे करून शिकवले होते. त्याने सांगितलेले नियम असे. हात आणि कोरडा मिळून जेवढी लांबी होते, तेवढ्या घेरात माणूस नको, जनावर नको. कोरडा मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळता हवा; मध्ये गाठ किंवा तुटका पीळ नको. खांद्याचा जोर लावायचा नाही. कोरडा डोक्यावरून मागे न्यायचा, पुढे सोडायचा आणि हात एकदम थांबवायचा. हात थांबला की दोर बोलतो. घाईने हात मागे ओढला तर टोक उलटून डोळ्यावर येते. म्हणून नवशिक्याने आधी आवाजाच्या मागे लागू नये. दोर सरळ रेषेत उलगडतो की नाही, एवढेच पाहावे.

ह्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसाच्या सांगण्यात पदार्थविज्ञान आहे. हाताच्या हालचालीने दोराला वेटोळे पडते. ते टोकाकडे धावते. दोर निमुळता होत जातो तसा वेग वाढतो आणि अखेरीस ध्वनीच्या वेगापुढे, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरांच्या पुढे जातो. ध्वनीहून वेगवान विमान जसा गडगडाट करते, तसाच हा छोटा कडकडाट. २००२ साली ॲलन गोरिएली आणि टायलर मॅकमिलन ह्या गणितज्ञांनी ह्या धावत्या वेटोळ्याचे गणित मांडले. तात्पर्य असे, की कोरडा पाठीवर वाजत नाही, हवेत वाजतो. कुशल पोतराज आवाज हवेत काढतो आणि जोर ओसरलेला जाड दोर अंगाभोवती गुंडाळून घेतो. तरीही पाठीवरचे वळ खोटे नसतात. पोट भरण्यासाठी रोज किती वेळा तो जोर अंगावर घ्यावा लागतो, ह्याचा हिशेब कुणी ठेवला?

इथेच जातिव्यवस्थेची चलाखी दिसते. नाडे, कासरे, दावी, असूड वळणारे हात मातंगांचे. बेंदराला बैलाच्या अंगावर नवा दोर चढे तोही त्यांनीच वळलेला. शेतीचे सगळे ओढणे ज्या दोरांवर चाले, ते वळणाऱ्याला शेत नव्हते. त्याच्या वाट्याला त्याचाच दोर आला, तोही पाठीवर. त्याच्या कसबाला ‘अंगात येणे’ हे नाव दिले की मोबदला द्यावा लागत नाही. भीक घातली की भागते. कसब माणसाचे, श्रेय देवीचे आणि पुण्य पसाभर धान्य वाढणाऱ्याचे!

म्हणूनच चळवळीने कोरडा टाकायला सांगितला, ते योग्यच केले. २१ व २२ मार्च १९२० रोजी आमच्या शेजारच्या माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. शाहू महाराज स्वतः तिथे आले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा आल्या, आणि देवीला वाहिलेले आयुष्य परत मागण्याचा अधिकार शब्दांत उतरला. कित्येकांनी जटा कापल्या, देव्हारे नदीत सोडले. त्या कात्रीचे मोल कुठल्याही क्रांतीच्या शस्त्राहून कमी नाही.

पण आज दुसराच धोका दिसतो. ज्यांनी कधी कोरडा खाल्ला नाही, ते ‘लोककला’ म्हणून पोतराजाला रंगमंचावर नाचवतात आणि टाळ्या पिटतात. दुसरीकडे आमची शिकलेली मुले आजोबांचे नाव काढायला कचरतात. दोन्ही चूक. प्रथेला नकार द्यायचा म्हणजे माणसाच्या हुन्नराला नकार द्यायचा असे नव्हे. ज्या पूर्वजाने ध्वनीच्या वेगाला हातात खेळवले, तो वेडा नव्हता, झपाटलेलाही नव्हता. तो कारागीर होता, आणि त्याला त्याची मजुरी मिळाली नाही. विद्यार्थी मित्रांनी आपापल्या वस्तीतल्या वृद्धांकडून हे ज्ञान लिहून घ्यावे. पाठीवरून कोरडा उतरला पाहिजे. तो वळणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्याचे नाव मात्र इतिहासात चढले पाहिजे.