फाशीच्या कोठडीतील पत्र आणि चंबळची पदयात्रा

भूदान आंदोलनाच्या इतिहासलेखनात चंबळचा प्रसंग बहुधा पुरवणीसारखा येतो. दान मिळालेल्या एकरांचे हिशेब, ग्रामदानाचे ठराव, त्यांची पुढे झालेली वाताहत हे सारे सांगून झाल्यावर मे १९६०मधील 'डाकूंचे हृदयपरिवर्तन' एखाद्या परिच्छेदात आटोपले जाते. या मांडणीत एक गोष्ट झाकली जाते. त्या पदयात्रेचे निमित्त जमीन नव्हते. ते होते फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याचे पत्र.

तहसीलदार सिंह हा चंबळ खोऱ्यातील विख्यात बागी मानसिंह याचा मुलगा. मानसिंह १९५५ साली मारला गेला. त्याच्यामागे टोळी चालवणारा रूपा १९५९मध्ये मारला गेला आणि धुरा लोकमन उर्फ लुक्का याच्याकडे आली. तहसीलदार सिंह या काळात नैनीच्या मध्यवर्ती कारागृहात मृत्युदंडाच्या सावलीत होता. त्याचे अपील सर्वोच्च न्यायालयाने मे १९५९मध्ये फेटाळले. पोलीस तपासातील जबाबात नसलेली गोष्ट साक्षीदाराने न्यायालयात सांगितली, तर ती विसंगती कधी मानावी, हा त्या खटल्यातील कायद्याचा प्रश्न होता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२च्या चर्चेत हा निकाल आजही अपरिहार्य मानला जातो. निकालाने कायदा स्पष्ट केला, आरोपीची फाशी मात्र कायम राहिली.

विनोबा १९५९मध्ये काश्मीरच्या पदयात्रेत असताना तहसीलदार सिंहाने त्यांना पत्र पाठवले. मरण्यापूर्वी विनोबांचे दर्शन व्हावे, ते शक्य नसल्यास त्यांनी आपला माणूस तरी पाठवावा आणि चंबळच्या खोऱ्यात जाऊन तेथील बागींना भेटावे, अशी त्याची विनंती होती. विनोबांनी मेजर जनरल यदुनाथ सिंह यांना नैनीला पाठवले. राष्ट्रपतींचे लष्करी सचिव राहिलेला हा सेनाधिकारी त्याच परिसराचा जाणकार होता. कोठडीतला कैदी, पायी चालणारा साधक आणि निवृत्त सेनानी ही साखळी जुळली नसती, तर पुढचे काहीच घडले नसते.

येथे 'बागी' या शब्दाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. मराठीत 'दरोडेखोर' म्हटले की गुन्हा आधी दिसतो, 'बंडखोर' म्हटले की राजकारण. चंबळच्या बोलीतील 'बागी'त दोन्ही मिसळलेले आहेत. जमिनीचा तंटा, घराण्याचे वैर, पोलिसांचा जाच यांमुळे बीहडात उतरलेला माणूस स्वतःला डाकू म्हणवून घेत नाही. विनोबांनी हा शब्द स्वीकारला. त्यामुळे संवादाचे दार उघडले हे खरे, पण ज्यांची माणसे या टोळ्यांनी मारली होती त्यांच्या कानाला तो कसा लागला असेल, याचा विचार सर्वोदयी लेखनात फारसा आढळत नाही.

मे महिन्याच्या उन्हात आग्र्याच्या बाजूने यात्रा बीहडांत शिरली. पहाटे निघायचे, आठ-दहा मैल चालायचे, पडावावर प्रार्थना आणि प्रवचन, हा नऊ वर्षांचा शिरस्ता तेथेही मोडला नाही. पायी चालण्याचा येथे व्यावहारिक उपयोगही होता. मातीच्या घळींनी चिरलेल्या त्या मुलखात मोटारीतून येणारा म्हणजे सरकारी माणूस. पायी येणाऱ्याची वार्ता गावोगाव पुढे जाते आणि लपलेल्या माणसाला त्याच्याकडे येण्याची वाट व वेळ स्वतः निवडता येते. लुक्कासह २० बागींनी शस्त्रे ठेवली.

या पदयात्रेला मृत्युदंडविरोधी मोहीम म्हणता येईल काय? काटेकोर अर्थाने नाही. कायदा रद्द करा, अशी तिची घोषणा नव्हती. तो प्रश्न त्याच सुमारास संसदेत निघत होता: १९५८मध्ये पृथ्वीराज कपूर यांनी राज्यसभेत फाशी रद्द करण्याचा ठराव मांडला आणि चर्चेनंतर मागे घेतला. विनोबांनी तर शरण येणाऱ्यांना फाशी टळण्याचे वचनही दिले नाही. गुन्हा कबूल करा आणि होईल ती शिक्षा भोगा, हीच त्यांची भूमिका होती. छळ होणार नाही आणि न्यायाने वागवले जाईल, एवढाच भरवसा त्यांनी दिला. फासाची शक्यता समोर असताना माणसाने स्वतःहून चालत यावे, ही अपेक्षा नैतिकदृष्ट्या जितकी उंच, तितकीच त्या माणसासाठी जोखमीची होती.

टीका लगेच झाली. मध्य प्रदेशचे पोलीस महानिरीक्षक के. एफ. रुस्तमजी यांनी या कार्यावर जाहीर आक्षेप घेतला. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेला हा अधिकारी पुढे सीमा सुरक्षा दलाचा पहिला प्रमुख झाला. टोळ्यांशी लढताना मेलेल्या शिपायांचे काय आणि खुन्यांचा गौरव होऊ लागला तर गावकऱ्यांनी साक्षीला कशाला यावे, हा त्या आक्षेपाचा गाभा. तो अहिंसेचा द्वेष म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता. विनोबांच्या अनुयायांनी त्याला दिलेली उत्तरे भावनिक अधिक आणि मुद्द्याची कमी होती.

तहसीलदार सिंहाची फाशी मात्र टळली. शिक्षा जन्मठेपेवर आली. अभियानाचे हे सर्वांत ठोस फलित, आणि तेही न्यायालयातून नव्हे तर दयेच्या अधिकारातून आलेले.

बारा वर्षांनी चित्र पालटले होते. टोळीप्रमुख माधोसिंह वेष पालटून पवनारला आला, तेव्हा क्षेत्रसंन्यास घेतलेले विनोबा आश्रम सोडणार नव्हते. त्यांनी त्याला जयप्रकाश नारायण यांच्याकडे पाठवले. जयप्रकाशांनी पदयात्रा काढली नाही, सरकारांशी बोलणी केली. शरण येणाऱ्या कोणालाही फासावर चढवले जाणार नाही, हे आश्वासन त्यांनी आधी मिळवले. १९६०मध्ये जे मागणेच अनुचित मानले गेले, ते १९७२मध्ये पहिली अट झाले. एप्रिल १९७२मध्ये जौरा येथे माधोसिंह, मोहरसिंह आणि त्यांच्यामागून शेकडो जण शरण आले. दोन प्रसंगांच्या आकड्यांतील हा फरक केवळ जयप्रकाशांच्या प्रभावाने समजावता येत नाही. त्यात फासाच्या हमीचा वाटा मोठा आहे. 'हृदयपरिवर्तन' हा शब्द वापरणाऱ्यांनी ही बाब सहसा मागे ठेवली.

दरम्यान विधी आयोगाने १९६७च्या पस्तिसाव्या अहवालात फाशी रद्द करण्याचा प्रयोग देशाला परवडणार नाही, असे मत दिले होते. म्हणजे सिद्धान्त म्हणून राज्यसंस्थेने जे नाकारले, ते एका खोऱ्यापुरते तिने पाच वर्षांत व्यवहारात मान्य केले.

बीहडांतील टोळ्यांशी संपर्क साधण्यासाठी जयप्रकाशांनी जी माणसे वापरली, त्यांत लोकमन होता आणि तहसीलदार सिंहही होता. ज्याच्या पत्राने पदयात्रा चंबळकडे वळली, तोच आता निरोप घेऊन त्या घळींतून फिरत होता. विधी महाविद्यालयांत त्याचे नाव अजून घेतले जाते, ते कलम १६२साठी. त्याला फाशी झाली की नाही, हे तेथे सहसा कोणी विचारत नाही.