दातांच्या तारा (ब्रेसेस): दात सरकतो कसा आणि वेळ का लागतो?

दात जबड्यात खिळ्यासारखा घट्ट ठोकलेला असतो, असा बहुतेकांचा समज असतो. म्हणूनच सदाशिव पेठेतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वारंवार येतो: ‘लग्न सहा महिन्यांवर आलंय, तारा जरा जास्त आवळून घेतल्या तर चालतील का?’ याचं उत्तर दात सरकण्याच्या प्रक्रियेतच आहे.

दात सरकतो कसा?

दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. दातावर दाब आला की हा थर एका बाजूला दबतो आणि दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दबलेल्या बाजूचं हाड ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी विरघळवतात. ताणलेल्या बाजूला ऑस्टिओब्लास्ट पेशी नवं हाड तयार करतात. अशा रीतीने दाताची खोबणीच हळूहळू पुढे सरकते.

ब्रॅकेट आणि तार काय करतात?

ब्रॅकेट दातावर चिकटवलेले असतात. त्यांच्या खाचेतून तार जाते. सुरुवातीला बहुधा निकेल-टायटॅनियमची पातळ, लवचिक तार वापरतात. वेड्यावाकड्या दातांवर बसवताना ती वाकते आणि मूळ आकारात परत येण्याचा प्रयत्न करताना दातांवर मंद, सतत दाब देते. पुढे स्टीलची जाड तार येते. तिच्यामुळे दाताच्या मुळाची दिशाही सुधारता येते. वरचा आणि खालचा जबडा नीट जुळावा म्हणून काहींना रबर लावायला सांगतात. ते सांगितलेले तास लावले नाहीत, तर उपचार तिथेच अडतो.

जास्त आवळल्या तर लवकर होईल का?

नाही. उलट उशीर होतो. दात तिरका करण्यासाठी साधारण 35 ते 60 ग्रॅम इतकाच जोर पुरतो. जोर जास्त झाला तर त्या थरातला रक्तपुरवठा थांबतो, तिथल्या पेशी मरतात आणि दात काही आठवडे जागचा हलत नाही. दुखणं वाढतं आणि मूळ झिजण्याचा धोकाही वाढतो.

दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो. उपदाढ काढल्यावर सुमारे 7 मिलिमीटर जागा रिकामी होते. ती भरून यायलाच कित्येक महिने जातात. म्हणून पूर्ण उपचाराला बहुधा दीड ते दोन वर्षं लागतात. लग्न जवळ आलं असेल तर तारखेची कल्पना ऑर्थोडॉन्टिस्टना आधीच द्या. तेवढ्या वेळात काय शक्य आहे, हे ते सांगतील.

दुखलं तर?

तार बसवल्यावर काही तासांत दुखणं सुरू होतं आणि बहुधा तीन-चार दिवसांत कमी होतं. मऊ भात, खिचडी, उपमा खावा. गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या दिवसेंदिवस स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. दात सरकायला मदत करणारी प्रोस्टाग्लँडिन ही रसायनंच त्या कमी करतात.

ऑर्थोडॉन्टिस्टना हे आधी सांगा

• हाडांच्या ठिसूळपणासाठी अलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड घेतलं असेल तर. या औषधांनी दात सरकणं मंदावतं आणि दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.
• मधुमेह असेल तर. साखर आटोक्यात नसताना हिरड्यांचा आजार बळावतो.
• फिटसाठी फेनिटॉइन किंवा रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू असेल तर. काहींच्या हिरड्या त्यामुळे सुजून वाढतात.
• हृदयाची कृत्रिम झडप असेल तर. दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक लागते.

कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नका.

घरी काय काळजी घ्यावी?

चिक्की, ऊस, कडक चकली आणि बाकरवडी टाळा. पेरू, सफरचंद बारीक फोडी करून खा. प्रत्येक जेवणानंतर ब्रश करा. ब्रॅकेटभोवती अन्न साचून राहिलं तर दातांवर कायमचे पांढरे डाग पडतात. तार टोचत असेल तर तिथे दवाखान्यातून मिळालेलं मेण लावा. ब्रॅकेट निघाला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. निघालेला तुकडा गिळल्यानंतर खोकला किंवा धाप लागली, तर ताबडतोब रुग्णालयात जा.

तारा काढल्यावर काम संपतं का?

नाही. नवं हाड पक्कं व्हायला आणि हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागेशी जुळायला वेळ लागतो. काही तंतूंना तर जवळजवळ वर्ष लागतं. तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढतात. त्यासाठीच रिटेनर देतात. दोन वर्षांचा खर्च आणि त्रास रिटेनर कपाटात ठेवल्यामुळे वाया जाऊ शकतो. तो किती काळ वापरायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

उपचार कोणाकडून घ्यावा?

ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेल्या, दंत परिषदेकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांकडून. खर्च परवडत नसेल तर जवळच्या दंत महाविद्यालयात चौकशी करा. तिथे ऑर्थोडॉन्टिक्स विभागात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार होतात आणि खर्च बहुधा कमी येतो. मुलांची पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या सुमारास करून घ्यावी. मोठ्यांनाही हिरड्या आणि हाड निरोगी असेल तर तारा लावता येतात.